पाणी मानवायला हवं

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'रेल्वे अभियंता' असं छापलं आहे आणि विषय दिला आहे 'फायटर माशाचं पाणी कसं बदलावं'. मागच्या रांगेत बसलेले माझे रेल्वेतले सहकारी मघापासून हसताहेत. एकाने तर येताना विचारलंच, "साहेब, तुमची गाडी रुळावरून घसरली की काय?" गाडी घसरलेली नाही, मंडळी. मी डिप्लोमा केलेला माणूस. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच सुटला. गेली वीसेक वर्षं रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच गेली. तरीही या विषयावर बोलायचं मी स्वतःहून मागून घेतलं, कारण माझ्या हातून एक चूक झाली होती. ती तुमच्या घरी होऊ नये, एवढाच हेतू.

आमच्या धाकटीला तिसरीत असताना वाढदिवसाला एक फायटर मासा घेऊन दिला. गडद निळा, शेपटी मोराच्या पिसाऱ्यासारखी. तिने त्याचं नाव ठेवलं राजा. दुकानदाराने सोबत काचेचा गोल बाऊल दिला, जेमतेम दोन लिटरचा. "फायटर को ज्यादा पानी नहीं चाहिए," असंही सांगितलं. आम्ही तो बाऊल फ्रिजवर ठेवला आणि चार महिने सगळं ठीक चाललं. रोज थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं, हे काम धाकटी करायची, प्लॅस्टिकच्या मगाने, तिच्या मनाला येईल तसं.

मग जानेवारी आला. दिल्लीची थंडी तुम्हाला सांगायला नको. घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सौ. म्हणाली, "अहो, तो बाऊल बघा किती हिरवा झालाय, बायका येणार आहेत." झालं, मी कंबर कसली. राजाला जाळीने काढून एका ग्लासात टाकलं. बाऊल, खालचे खडे, प्लॅस्टिकचं झाड, सगळं भांड्यांच्या साबणाने घासूनपुसून लख्ख केलं. नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं आणि राजाला आत सोडलं. पाणी असं नितळ की काच आहे की नाही ते कळू नये. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या वहिनींनी कौतुक केलं.

राजा संध्याकाळी तळाशी जाऊन बसला. मला वाटलं, झोपला असेल. सकाळी तो आडवा तरंगत होता.

धाकटी रडली ते ठीक. पण दुपारी जेवताना तिने एक प्रश्न विचारला, आणि तो माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही. ती म्हणाली, "बाबा, घाण पाण्यात तो चार महिने जगला. मग स्वच्छ पाण्यात एका रात्रीत कसा मेला?"

मला उत्तर येत नव्हतं. आणि उत्तर येत नसताना मुलांना काहीतरी थातूरमातूर सांगणं बरं नाही. म्हणून मी वाचायला लागलो, माहीतगारांना विचारायला लागलो. जे कळलं ते आज सांगतो.

आधी या माशाची ओळख. हा मूळचा थायलंडकडचा. तिकडे त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून फायटर. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. तो राहतो भातखाचरांत, दलदलीत, उथळ साचलेल्या पाण्यात. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून निसर्गाने त्याला कल्ल्यांच्या जोडीला डोक्यात आणखी एक अवयव दिला आहे. त्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. आपल्याकडची मरळ अशीच हवा घेते. कोळीणबाईच्या टोपलीत मरळ कितीतरी वेळ जिवंत राहते, ते यामुळेच.

आता या गुणाचाच त्याला त्रास झाला. हवा घेऊन जगतो, म्हणजे त्याला वाटीभर पाण्यात ठेवलं तरी चालतं, असा समज पसरला. पण भातखाचर उथळ असलं तरी लांबरुंद असतं, झाडोरा असतो, आणि मुख्य म्हणजे उबदार असतं. या माशाला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. आमच्या घरी जानेवारीत नळाचं पाणी हाताला झोंबत होतं. तेरा-चौदा अंशांच्या वर नक्कीच नसावं. म्हणजे मी राजाला एका क्षणात एकदम गार पाण्यात ढकललं. त्याचं शरीर आपल्यासारखं स्वतः ऊब धरत नाही. जे पाण्याचं तापमान, तेच त्याचं.

ही झाली पहिली चूक. दुसरी चूक क्लोरीनची. आपल्या पिण्याच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात, आणि नळापर्यंत येताना ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं. आपल्या पोटाला ते काहीच नाही. माशाच्या कल्ल्यांची कातडी मात्र फार नाजूक असते, ती क्लोरीनने भाजून निघते.

दिल्लीत याला आणखी एक पदर आहे. हिवाळ्यात बातम्या वाचता ना, वजिराबादला यमुनेत अमोनिया वाढला, वजिराबाद आणि चंद्रावल प्रकल्पांचं पाणी कमी केलं? अशा पाण्यात अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतं. साधं क्लोरीन बादली एक दिवस उघडी ठेवली की बरंचसं उडून जातं. क्लोरामाइन तसं जात नाही. म्हणून 'पाणी रात्रभर ठेवलं होतं, तरी मासा मेला' असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका.

तिसरी चूक सर्वांत मोठी, कारण ती मी स्वच्छतेच्या नावाखाली केली. मासा जी घाण करतो, उरलेलं अन्न जे कुजतं, त्यातून अमोनिया निघतो. तो विष आहे. पण टाकीतल्या खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर काही उपकारी जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं, थोडं पाणी बदललं की कमी होतं. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी साबण लावून ती पाच मिनिटांत धुऊन काढली. ज्याला मी बुळबुळीत घाण समजलो, त्यातच राजाचे सफाई कामगार राहत होते.

तेव्हा धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: माशाला डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छ पाण्यापेक्षा सारखं पाणी हवं असतं. कालच्यासारखं, हळूहळू बदलणारं.

हे वाचत असताना मला माझंच काम आठवलं, मंडळी, आणि लाज वाटली. माझे सहकारी जाणतात, पण इतरांसाठी सांगतो. एक किलोमीटर मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर जवळजवळ ४६ सेंटिमीटर लांब होईल. पण आजचे रूळ एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले, स्लीपरला आवळलेले. त्यांना लांब व्हायला जागाच नसते. मग ती सगळी ताकद रुळाच्या पोटात ताण म्हणून साठून राहते. वरून बघा, रूळ चकचकीत, सरळ. ताण दिसत नाही. उन्हाळ्यात तो अति झाला तर रूळ वाकडा होतो, थंडीत तुटतो. म्हणून आम्ही योग्य तापमान बघून, ब्लॉक घेऊन, रूळ स्लीपरपासून सोडवतो, त्याला मोकळा होऊ देतो आणि मग पुन्हा आवळतो. या कामाला आमच्याकडे चक्क 'डिस्ट्रेसिंग' म्हणतात. आणि खडी मळली तर आम्ही ती सगळी फेकून देतो का? नाही. चाळतो, माती काढतो, चांगली खडी परत घालतो. त्यानंतरही गाडी एकदम पूर्ण वेगाने सोडत नाही. आधी ताशी २० किलोमीटर, मग टप्प्याटप्प्याने वाढवतो. लोखंडाशी इतक्या सबुरीने वागणारा मी, आणि एवढ्याशा जिवाला मात्र एका फटक्यात गार पाण्यात टाकलं.

आता कामाचं बोलतो. सहा महिन्यांनी, पूर्ण तयारी करून, आम्ही दुसरा फायटर आणला. त्याचं पाणी आम्ही कसं बदलतो ते क्रमाने सांगतो. बालगोपाळांनी नीट ऐका.

पहिलं, घर मोठं हवं. बाऊल नको. निदान १५-२० लिटरची टाकी, मंद चालणारा स्पंज फिल्टर, थर्मामीटर आणि दिल्लीच्या थंडीसाठी ५० वॅटचा हीटर. पाणी जितकं जास्त, तितका बदल सावकाश होतो. वर झाकण हवं, कारण हा मासा उडी मारतो. पण पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटं जागा ठेवा, त्याला हवा घ्यायची असते.

दुसरं, तयारी आदल्या दिवशी. एक बादली फक्त माशासाठी ठेवा. तिला साबणाचा हात लागता कामा नये. तिच्यात पाणी भरून अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. क्लोरामाइनचा संशय असेल तर अमोनियाही बांधून ठेवणारं औषध मिळतं, ते घ्या. बादली टाकीच्याच खोलीत ठेवा. सामान साइटवर आल्याशिवाय ब्लॉक घ्यायचा नाही, हा आमचा नियम इथेही लागू.

तिसरं, तापमान जुळवा. थर्मामीटर दोन्हीकडे बुडवून बघा. फरक एक-दोन अंशांच्या आत हवा. हिवाळ्यात बादलीत थोडं गॅसवर तापवलेलं पाणी मिसळा. हाताने अंदाज घेऊ नका, थंडीत आपला हात खोटं बोलतो.

चौथं, हीटर आणि फिल्टरचं बटण बंद करा, प्लग काढा. चालू हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते. शिवाय पाण्यात हात घालायचा आहे. आमच्या ओव्हरहेड तारेखाली काम करायचं तर आधी पॉवर ब्लॉक घेतात, तसंच समजा.

पाचवं, मासा टाकीतच राहू द्या. त्याला काढायची गरज नाही. पकडापकडीनेच तो निम्मा घाबरतो, आणि जाळीत त्याचे पर फाटतात. कधी काढावंच लागलं तर जाळी न वापरता वाटी किंवा पेला पाण्यात बुडवून त्याला अलगद आत येऊ द्या.

सहावं, पातळ नळीने तळाचं पाणी काढा. नळी आधी पाण्याने भरून घ्या, तोंडाने ओढू नका. टोकाला जाळीचा तुकडा बांधा, म्हणजे शेपटी ओढली जाणार नाही. आठवड्यातून एकदा एक चतुर्थांश पाणी काढायचं, त्याहून जास्त नाही. स्पंज काळा झाला असेल तर तो नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळायचा. मग ते पाणी कुंडीतल्या तुळशीला घाला, छान फोफावते.

सातवं, नवं पाणी सावकाश. टाकीत एक बशी ठेवून तिच्यावर धार सोडा, नाहीतर पातळ नळीने सोडा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. लागू द्या. भरून झाल्यावर पंधरा मिनिटांनी हीटर चालू करा. टाकीचा दिवा अर्धा तास बंद ठेवा, आणि खाणं त्यानंतर.

मग तासभर लक्ष ठेवा. मासा पर पसरून फिरू लागला, वर येऊन हवा घेऊन परत खाली गेला, तर सगळं ठीक. पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसला, रंग उतरला, किंवा सारखा वर येऊन धापा टाकू लागला, तर काहीतरी चुकलं आहे. आधी तापमान बघा, मग अँटी-क्लोरीन घातलं होतं का ते आठवा. घाबरून लगेच चार औषधं ओतू नका.

आता आपल्या एनसीआरच्या दोन खास गोष्टी. नोएडा-गाझियाबादच्या मंडळींना माहीत आहे, दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास वरचा गंगा कालवा सफाईसाठी बंद होतो, तो दिवाळीपर्यंत. त्या काळात नळाला गंगेचं पाणी कमी येतं आणि बोअरचं जड पाणी वाढतं. नळ तोच, पण पाणी दुसरं. म्हणून त्या दिवसांत एक चतुर्थांशाऐवजी थोडं थोडं, दोन-तीन वेळा बदला. आणि 'आरओचं पाणी शुद्ध, तेच भरतो' असं म्हणू नका. त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत. नुसत्या आरओच्या पाण्यात मासा टिकत नाही. बोअरचं पाणी फार जड असेल तर त्यात थोडं आरओचं मिसळा, पण प्रमाण दर आठवड्याला तेच ठेवा. दोन-अडीचशे रुपयांचं टीडीएस मीटर मिळतं, ते जवळ असू द्या.

आणखी एक. समजा तीन-चार महिने पाणी बदलायचं राहूनच गेलं. असं होतं, सगळ्यांना गावी जावं लागतं. मग आल्या आल्या अपराधी वाटून अर्धी टाकी रिकामी करू नका. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये हेच झालं. जुनं पाणी हळूहळू आम्लधर्मी झालेलं असतं आणि त्यात अमोनिया असला तरी सौम्य रूपात असतो. त्यात आपलं अल्कधर्मी जड पाणी एकदम ओतलं की तोच अमोनिया विषारी रूपात येतो. म्हणून रोज एक-दोन मग, आठ-दहा दिवस. घाण हळू साठली, तशी हळूच काढायची.

नवा मासा आणाल तेव्हाही हेच. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तिच्यात टाकीचं पाणी चमच्या-चमच्याने घाला, आणि अर्ध्या तासाने मासा वाटीने आत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. थंडीत वीज गेली तर टाकीला गोधडी गुंडाळा. आम्ही आजीची गोधडी गुंडाळली होती. आजी फोनवर म्हणाल्या, "माझ्या नातवंडांना नाही आणि माशाला गोधडी!"

शेवटी कोकणातल्या मंडळींसाठी एक गंमत. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असायचं ना? त्याची वाळलेली लाल पानं आम्ही गोळा करून जाळायचो. तीच पानं थायलंडचे मासेवाले फायटरच्या पाण्यात टाकतात. पाणी चहासारखं होतं आणि माशाला मानवतं. ती इथे 'कटाप्पा लीफ' म्हणून दहा पानांच्या पाकिटात विकायला येतात. आता माझी आई दरवर्षी गणपतीला गावाहून मोदकांच्या पिठाबरोबर ती पानंही पाठवते.

दुसरा मासा आमच्याकडे तीन वर्षं राहिला. या माशाचं आयुष्यच साधारण तेवढं, म्हणजे तो म्हातारा होऊन गेला. त्याचं पाणी दर रविवारी धाकटी बदलायची. मी नुसता उभा. एकदा ऑफिसला उशीर होत होता म्हणून मी म्हणालो, "ओत पटकन." तिने मान वर न करता सांगितलं, "बाबा, त्याला मानवू दे."

मंडळी, हा शब्द आपल्या मराठीत फार चांगला आहे. मी पहिल्यांदा बदलीवर दिल्लीला आलो तेव्हा दोन महिने पोट बिघडलेलं होतं. आई पत्रात लिहायची, पाणी मानवलं नसेल, जरा दम धर. त्या वेळी याच मंडळातल्या एका काकूंनी मला रविवारी घरी बोलावून वरणभात वाढला होता. नवीन आलेल्या माणसाला थोडं ओळखीचं, थोडं नवं, असं मिसळून दिलं की तो टिकतो. त्या काकू आज समोर बसल्या आहेत. त्यांना हे आठवत नसेल, मला आठवतं.

यंदा आपल्या मंडळात बऱ्याच नव्या बदल्या होऊन आलेली कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांना मासा पाळायचा असेल तर माझ्याकडे पाठवा. एक थर्मामीटर, एक पातळ नळी आणि दोन बदामाची पानं माझ्याकडून. पाणी बदलायचं मात्र त्यांनी, स्वतःच्या हाताने, सावकाश.

 गणपती बाप्पा मोरया!